सगळ्यांदेखत

झागोर्काला माणसं सांभाळता येतात हे पिरोत गावातल्या त्या कारखान्यात शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. कारखान्याच्या कागदांत मात्र तसा रकाना नव्हता. मोटारींच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या तिसऱ्या लाइनवर सात बायका, आणि आठवी ही त्यांची मुकादम. वय बावन्न, बांधा ठेंगणा, आवाज कधी चढलेला कुणी ऐकला नव्हता. तो चढवायची वेळच येऊ द्यायची नाही, हे तिचं सगळं कसब होतं.

ते कसब चालायचं कपडे बदलायच्या खोलीत, सकाळी पावणेसातला, कॉफीवर. लांब दांड्याच्या भांड्यात कॉफी उकळायची, आठ छोटे कप भरायचे आणि पंधरा मिनिटं जगाच्या उखाळ्यापाखाळ्या काढायच्या. वरवर पाहणाऱ्याला वाटावं, बायका वेळ घालवतायत. पण तेवढ्यात झागोर्काला कळायचं की सुझाना आज गप्प आहे, म्हणजे घरी रात्री भांडण झालंय, म्हणजे आज तिला वळणाच्या शिवणीवर बसवायचं नाही. कुणाचं मनगट दुखतंय, कुणाची सासू पडलीय, कुणाला अकरा वाजता हळूच शाळेत जाऊन यायचंय. यातलं कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. फार तर कप विसळताना नळापाशी कानात सांगायचं. सातचा भोंगा झाला की झागोर्का म्हणायची, "तू इथे बस, तू तिथे," आणि लाइन चालू. कारण कुणी विचारत नसे, कारण ते प्रत्येकीला ठाऊक असे.

याच पद्धतीनं वुका दोन वर्षं सांभाळली गेली. वुका म्हणजे वुकोसावा, बासष्टी ओलांडलेली. झागोर्का एकोणिसाव्या वर्षी जुन्या सरकारी कापड कारखान्यात लागली, तेव्हा हिनंच तिच्या हातावर हात ठेवून तिला पहिली शिवण घालायला शिकवलं होतं. पुढे झागोर्काच्या लग्नात साक्षीदार म्हणून वुकाच उभी राहिली, दोन्ही मुलांचा बाप्तिस्मा तिच्याच हातावर झाला, आणि तेव्हापासून दोघी एकमेकींना कुमा म्हणायच्या. हे नातं रक्ताच्या नात्याहून जड. बहिणीशी भांडता येतं, कुमाशी नाही. सरकारी कारखाना बुडाला तेव्हा दोघी एकत्र बेकार झाल्या, आणि त्याच इमारतीत परक्या कंपनीनं सीटची कव्हरं शिवायला घेतली तेव्हा एकाच रांगेत उभ्या राहून दोघी एकत्र लागल्या.

तर या वुकाला दिसेनासं झालं होतं. सरळ शिवण ती हाताच्या सवयीनं मारायची, डोळे मिटूनसुद्धा मारली असती. पण सीटच्या कडेला, जिथे आत एअरबॅग असते, तिथली वळणाची दुहेरी शिवण नजरेचं काम. ते तिच्याकडे यायचंच नाही असं कॉफीवर कधीतरी, न बोलता, ठरून गेलं होतं. डॉक्टरकडे ती जात नव्हती, कारण डॉक्टर लिहिणार आणि लिहिलेलं कारखान्यात पोचणार. पेन्शनीला चौदा महिने होते. त्याआधी नोकरी गेली तर त्या वयाच्या बाईला पिरोतमध्ये कोण उभं करतंय.

आणि मग फेब्रुवारीत रूलोफ आला.

रूलोफ हॉलंडचा. दारातून वाकून यावं लागे इतका उंच. बायकांनी दुसऱ्याच दिवशी त्याचं नाव शिडी ठेवलं. माणूस वाईट नव्हता, आणि झागोर्काचा सगळा वैताग तिथेच होता. वाईट साहेब तिनं तीन पचवले होते. वाईटाला कसं वागवायचं ते ठाऊक असतं. त्याच्यापुढे मान हलवायची आणि आपलं करायचं. हा मात्र भला होता, मेहनती होता, इथली भाषा स्वतः शिकून मोडकीतोडकी बोलत होता, आणि त्याला खरोखर वाटत होतं की बायकांनी आपल्याशी मोकळेपणानं बोलावं.

त्यानं पहिल्यांदा कॉफी बंद केली. बंद म्हणजे, कॉफी प्या, पण घरी. त्याऐवजी सात वाजता लाइनपाशी गोल करून उभं राहायचं आणि प्रत्येकीनं आपली अडचण सगळ्यांसमोर सांगायची.

"अडचण कोणाला?" तो विचारायचा. "उघड सांगा. मी रागावत नाही."

बायका जमिनीकडे बघायच्या.

"नाही अडचण?"

"सगळं ठीक आहे, साहेब," सुझाना म्हणायची. तिच्या जिभेला एरवी हाड नसे, पण या गोलात तीही मिठाची गुळणी धरून उभी राही.

"साहेब नाही. रूलोफ."

"बरं, साहेब."

त्याला वाटे, या लपवतायत. यांना वाटे, हा चौकशी करतोय. चारचौघींत उभं राहून आपलं दुखणं सांगायचं, तेही परक्या पुरुषाला? आणि दुसरीमुळे काम अडत असेल तर तिचं नाव घ्यायचं? ते काम चहाडखोरांचं. आधीच्या साहेबानं बंद दाराआड तीन जणी हेर म्हणून पोसल्या होत्या आणि त्यांच्या चहाड्यांवर नऊ बायका घरी बसवल्या होत्या. रूलोफनं ते ऐकलं आणि शपथच घेतली की आपल्या खोलीचं दार कधी लावायचं नाही, एकटीदुकटीचं काही ऐकायचं नाही, जे काय ते सगळ्यांदेखत. ऐकायला किती छान. झागोर्काला मात्र वाटे की आगीवर पाणी ओतायला आलेल्या या माणसानं घरातली चूलही विझवून टाकली.

ईस्टर झाल्यावर त्यानं फेरपाळी आणली. दर दोन तासांनी प्रत्येकीनं मशीन बदलायचं. सगळ्यांना सगळं काम यायला हवं, म्हणजे कुणा एकीवर भार पडत नाही. हेही बरोबरच होतं. रोज दोन तास वुका वळणाच्या शिवणीवर बसणार, एवढंच काय ते.

त्या दिवशी कॉफी झाली ती बसथांब्यावर, थर्मासातली, सहा वाजून वीस मिनिटांनी.

"मी त्याला सांगते, मला नको फेरपाळी," वुका म्हणाली.

"का नको म्हणून विचारेल," झागोर्का म्हणाली. "सगळ्यांसमोर विचारेल."

"मग?"

सुझानानं कप झटकला. "मग काय. तिच्या नंबराच्या चिठ्ठ्या द्या माझ्याकडे. तिची पाळी आली की तिचे नग मी शिवते आणि तिची चिठ्ठी लावते. माझे थोडे कमी भरतील. भरू देत, मला काय शिडी चढायची आहे?"

सगळ्या हसल्या, वुकासुद्धा. झागोर्कानं होकारार्थी मान हलवली. ती मान हलवली नसती तर पुढचं काही घडलं नसतं, हे तिनं पुढे स्वतःला शंभरदा ऐकवलं.

प्रत्येक कव्हरात, शिवणीच्या आत, शिवणारीच्या नंबराची बोटभर चिठ्ठी घालायची असते. वुकाची पाळी आली की ती वळणाच्या मशीनवर बसायची आणि चिंध्यांवर शिवण मारत राहायची. मशीनचा आवाज तर यायला हवा. शेजारची बाई तिचे नग शिवून टेबलाखालून सरकवायची. रूलोफ येताना दिसला की कुणीतरी खोकायचं. शिवलेल्या चिंध्या वुका ॲप्रनखाली लपवून घरी न्यायची. छत्तीस वर्षं शिवणकाम केलेली बाई, रोज संध्याकाळी पिशवीभर चिंध्या चुलीत घालत होती. याबद्दल तिनं एका अक्षरानं तक्रार केली नाही.

चूक झाली ती वेगळीच, आणि ती फक्त या बायकांनाच जमली असती. वुकाच्या नंबरावर खोट निघाली तर सगळे वुकाकडे बघतील, म्हणून जी ती वुकाचे नग जीव ओतून शिवू लागली. स्वतःच्या कव्हरात एखादा टाका इकडेतिकडे गेला तर जाऊ दे. वुकाच्या कव्हरात जाता कामा नये. असे दीड महिना सगळ्या लाइनचे उत्तम हात एकाच नंबरावर राबले. ते कुणी ठरवलं नव्हतं, आणि त्याचा परिणाम काय होईल हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. झागोर्काच्याही नाही.

जूनमधल्या एका सोमवारी रूलोफनं तिला खोलीत बोलावलं. दार अर्थातच सताड उघडं. टेबलावर तक्ता पसरलेला.

"वुका," तो म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. "दीड महिना. एक पण खोट नाही. पूर्ण कारखान्यात पहिली. बासष्ट वर्षाची बाई."

झागोर्कानं तक्त्यावर वुकाच्या नंबरापुढची ओळीनं शून्यं पाहिली.

"मी मुख्य कचेरीला कळवलं. गुरुवारी लोक येतात. नव्या लाइनच्या बारा मुली पण. वुका वळणाची शिवण दाखवेल. मग एक महिना मुलींना शिकवेल."

"साहेब, जरा दार लावू का?"

"नाही."

"दोनच मिनिटं. एक गोष्ट सांगायची आहे."

"सांग. दार उघडं."

बाहेर कागद घेऊन दोन कारकून उभे होते. पलीकडे पॅकिंगच्या बायका.

"असं नाही सांगता यायचं."

"झागोर्का." त्यानं हातातलं पेन खाली ठेवलं. "आधीचा माणूस दार लावत होता. काय झालं? तुला माहीत. गोष्ट चांगली असेल तर सगळे ऐकू देत. वाईट असेल तर सकाळी गोलात सांग. मी कोणाला खात नाही."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा माणूस न्यायानं वागत होता आणि त्याच्या न्यायात तिला एक बारीकशी फटसुद्धा सापडत नव्हती. "बरं, साहेब," ती म्हणाली आणि बाहेर आली.

दुपारी सुटल्यावर बसथांब्यावर तिनं वुकाला सांगितलं.

"गुरुवारी मी आजारी पडते," ती म्हणाली.

"आणि शुक्रवारी? पोरी महिनाभर इथेच असणार, कुमा. तो म्हणेल, वुका बरी झाली की शिकवेल."

"मग तू काहीतरी कर. नेहमी करतेस."

"काय करू? तो दारसुद्धा लावू देत नाही."

"ते मला काय सांगतेस." वुकानं तिचा हात धरला. "एकच सांगते. चव्हाट्यावर नको. काय व्हायचं ते होऊ दे, घरी बसवू दे मला. पण त्या पोरीसोरींसमोर आंधळी म्हणून मला उभी करू नकोस."

"काहीतरीच काय बोलतेस," झागोर्का म्हणाली. तिनं तसा शब्दच दिला म्हणायचा.

मंगळवारी तिनं पुन्हा प्रयत्न केला. रूलोफला जेवणाच्या सुट्टीत अंगणात गाठलं, तर तो म्हणाला, जेवताना कामाचं नको. चिठ्ठी लिहावी असं तिच्या मनात आलं. दोन ओळी लिहिल्या, मग आठवलं, आधीच्या साहेबाच्या टेबलावरही चिठ्ठ्याच जायच्या. तिनं लिहिलेला कागद फाडला. ठरलं असं की गुरुवारी वुकानं आजारी पडायचं, वेळ मारून न्यायची, आणि पुढचं पुढे.

पण बुधवारी सकाळी गोलात रूलोफनंच बातमी फोडली. वुकाचं नाव घेतलं, टाळ्या वाजवल्या. बायकांनीही वाजवल्या, दुसरं काय करणार. नव्या लाइनच्या बारा मुली त्यानं एक दिवस आधीच बोलावून घेतल्या होत्या. त्या मागे उभ्या राहून माना उंचावत होत्या.

"उद्या मोठे लोक," रूलोफ म्हणाला. "भीती वाटते. म्हणून आज एक करून बघ. आपल्यातच. ये, वुका."

"उद्याच करते ना, साहेब," वुका म्हणाली.

"एकच नग." तो हसला. त्याला वाटलं, बाई लाजतेय. स्वतः जाऊन त्यानं खुर्ची मागे ओढली.

वुका बसली. तिनं कापड घेतलं, दोन्ही कडा बोटांनी चाचपून जुळवल्या, त्या मात्र अगदी तंतोतंत. सुझाना खोकली. आता खोकून काय होणार होतं. वुकानं मशीनचा कापड धरणारा दाब खाली सोडला, पाय पेडलवर ठेवला, आणि वळणाचा अंदाज घ्यायला डाव्या हाताचं पहिलं बोट पुढे सरकवलं. ते बोट सुईच्या बरोबर खाली गेलं. बाजूला उभ्या असलेल्या झागोर्काला ते दिसलं. वुकाला दिसत नव्हतं.

"थांबा," झागोर्का म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "पाय काढ, कुमा. साहेब, तिला दिसत नाही. दोन वर्षं दिसत नाही. तिचे नग आम्ही शिवतो."

वुकानं पाय काढला, हात मांडीवर घेतले आणि ती तशीच मशीनकडे तोंड करून बसून राहिली.

रूलोफ हळूहळू झागोर्काकडे वळला. "धन्यवाद," तो म्हणाला, आणि ते त्याच्या मनापासून होतं. "चार महिने मी हेच मागतो. सगळ्यांनी बघा. असं बोलायचं."

मग तो वुकाच्या खुर्चीशेजारी उकिडवा बसला, म्हणजे त्याचा चेहरा तिच्या चेहऱ्यासमोर आला. "वुका, किती दिसतं? एका डोळ्याला की दोन्ही?"

"दिसतं मला," वुका म्हणाली.

"ही किती बोटं?"

मागच्या बारा मुलींपैकी एक फिसकन हसली. हा प्रश्न त्यानं काळजीनं विचारला होता. झागोर्काला वाटलं, आत्ता या माणसाच्या तोंडावर हात ठेवावा.

"पहिल्या दिवशी सांगितलं असतं," रूलोफ उठत म्हणाला, "तर पहिल्या दिवशी पॅकिंगला पाठवलं असतं. पेन्शनीपर्यंत. साधी गोष्ट."

साधी गोष्ट. दोन वर्षांचा धाक, बसथांब्यावरची कॉफी, पिशवीभर चिंध्या, आणि म्हणे साधी गोष्ट. सगळ्यांत राग याचा होता की तो खरं बोलत होता. त्यानं दार लावून दोन मिनिटं ऐकलं असतं तर हेच पॅकिंग वुकाला मान खाली न घालता मिळालं असतं. आणि झागोर्कानं पहिल्याच गोलात तोंड उघडलं असतं तरी मिळालं असतं. दोघंही सरळ वागली होती आणि मधल्या मध्ये वुका भरडली गेली.

शुक्रवारी पत्रं निघाली. एअरबॅगच्या शिवणीवर खोटा नंबर लावला. उद्या टाका उसवला तर कुणाचा हात म्हणून शोधायचं? ताकीद, वुकासकट सातही जणींना. झागोर्काला नाही. ती कागद शोधत रूलोफच्या खोलीत गेली.

"माझं पत्र राहिलं."

"तुला नाही."

"मी मुकादम आहे. माझ्या सांगण्यावरून झालं."

"पण तू उघड बोललीस."

"साहेब, मला पण द्या. हात जोडते तुमच्यापुढे. सगळ्यांत कडक द्या."

"का?" त्याला खरोखर कळत नव्हतं. "खरं बोलणाऱ्याला शिक्षा केली तर उद्या कोण बोलेल?"

तिनं त्याला समजावून सांगायचा प्रयत्न केला. सात जणींना पत्र आणि आपल्याला नाही, तर बायका काय समजतील. तो लक्ष देऊन ऐकत होता, मान हलवत होता. शेवटी म्हणाला, "मग हे त्यांना गोलात समजावून सांग." झागोर्कानं कपाळाला हात लावला आणि बाहेर पडली.

बसथांब्यावर थर्मास होता, कप सात होते.

"तू मुद्दाम नाही केलंस, ठाऊक आहे आम्हाला," सुझाना म्हणाली. "बोट गेलं असतं तिचं, मीही पाहिलं. तरी पण, झागोर्का."

"तरी पण काय?"

"तरी पण." सुझानानं थर्मासाचं झाकण फिरवलं.

वुका पॅकिंगला गेली. कव्हरं घडी घालून खोक्यात ठेवायची, दिवसभर बसून. त्या हिवाळ्यात निश शहरातल्या इस्पितळात तिच्या दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू काढला. झागोर्काला ते इतरांकडून कळलं. तिसरी लाइन पूर्वीपेक्षा चांगली चालली होती. गोलात आता बायका थोडंथोडं बोलत, दोरा तुटतो, दिवा मिणमिणतो असलं काहीतरी, आणि रूलोफ खूष होता. दुसऱ्या लाइनच्या मुकादमांना तो झागोर्काचं उदाहरण द्यायचा. नळापाशी मात्र तिच्या कानात सांगायला कुणी येईना. सुझानाच्या घरचं भांडण तिला आता शिवणीतल्या खोटीवरून कळे, नग वाया गेल्यावर.

दोघी रोज एकाच दारातून आत जात. वुका मान लववून नमस्कार करायची. सणाला झागोर्का तिच्या घरी गेली तेव्हा तिला बसवलं, गोड दिलं, मुलांची चौकशी केली. एक शब्द वावगा नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

चौदा महिने भरले. निवृत्त होणाऱ्यानं सगळ्यांचं तोंड गोड करायचं, तशी वुका शेवटच्या दिवशी चीज भरलेली थरांची पोळी आणि अक्रोडाच्या वड्यांची दोन मोठी ताटं घेऊन आली. जेवणघरात सगळे जमले. वाढायचं कसं हे कुणाला सांगावं लागत नाही. परके आणि साहेब लोक यांना आधी, बशीत, काटा-रुमालासकट. घरच्या माणसांना मागून, आणि तीही ताटातूनच हातानं तोडून घेतात.

वुकानं पहिली बशी रूलोफला दिली. त्यानं वाकून आभार मानले. मग तिनं दुसरी बशी भरली, तुकडा नीट मधला, न मोडलेला निवडला, रुमालाची घडी घातली, काटा ठेवला. तिसऱ्या लाइनच्या बायका ताटाभोवती उभ्या होत्या. झागोर्काही त्यांच्यातच उभी होती आणि तिचा हात ताटाकडे गेला होता. आता वुकाला नीट दिसत होतं. ती वळली, थेट झागोर्कासमोर आली आणि बशी तिच्या हातात दिली.

"घे," ती म्हणाली. "तुझी आधी."

मग ती ताटाकडे परत गेली आणि बाकीच्यांना म्हणाली, "चला ग पोरींनो, तोडा आता, गार होतंय." सात-आठ हात एकदम ताटात गेले. झागोर्का रूलोफच्या शेजारी उभी राहून काट्यानं खात होती. फार चांगली झाली आहे, असं रूलोफ म्हणाला. ती हो म्हणाली.